घरचं उळं

मळा, देवळा
२० नोव्हेंबर २००२

लताबाई,

तुमची लेक मजेत हाय, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही जिवाला घोर न लावता वाचाल. फोन केला असता, पण फोन पुढच्या खोलीत. वाल्मीकचे वडील तिथंच पेपर घेऊन बसतात, आणि फोनवर बोललेलं सगळं दुसऱ्या दिवशी पारावर ऐकायला मिळतं. त्यापेक्षा पत्र बरं. माझी सातवीपर्यंत शाळा झालीय, ती वापरायची तरी केव्हा? चुका दिसल्या तर लाल पेन काढू नका. तुम्ही आता रिटायर झालात.

लग्नाला सहा महिने झाले. मोहिनीची भाकरी अजून फुगत नाय, पण शेतकी कॉलेजात भाकरी शिकवत नसतील, त्याला ती काय करणार. बाकी पोरगी गुणाची हाय. माझा वाल्मीक तर आता पान सुद्धा तिला विचारून खातो.

मुद्दा वेगळाच हाय. यंदा डोंगळ्याचं शेत मी तिच्या हाती दिलंय. तुमच्या सिन्नरकडं बी बाजारातून आणतात, म्हणून नीट सांगते. चांगला गोल, लालबुंद, बारीक मानेचा कांदा निवडून आम्ही दिवाळीच्या सुमाराला परत जमिनीत लावतो. त्याला कंबरेएवढे दांडे येतात, ते डोंगळे. दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा, आणि गोंड्यात काळं बी. त्याला आम्ही उळं म्हणतो. माझ्या सासूनं हे उळं सांभाळलं, तिच्यामागं तीस वर्षं मी. ह्या घरात बाजारचं बी आलं नाय. गावातल्या दहा-अकरा घरांना आम्हीच देतो, पण अट एकच. कांदा करा, खा, विका, त्याचे डोंगळे मात्र लावायचे नाय. डोंगळे आमच्याच घरचे. पुतळाबाईचा कांदा आषाढातही कोंब धरत नाय, असं लोकं म्हणतात ते काय उगाच?

पण लताबाई, दोन वर्षं झाली, थंडी कुठं परागंदा झाली कोण जाणे. पूर्वी पौषात हातपाय आखडायचे आणि कीडही आखडून मरायची. आता संक्रांतीला उकडतं. जिऱ्याहून बारीक फुलकिडे येतात, पात चाटून पांढरी करतात. वरून अवेळी धुक्याची धुई पडते. मागच्या साली निम्म्याहून जास्त गोंडे पोकळ निघाले. होतं नव्हतं ते ह्या डोंगळ्यांत घातलंय. यंदा बी धरलं नाय तर पुढं लावायला मूठभर उरायचं नाय, आणि सासूनं दिलेलं माझ्या हातावर संपायचं.

मोहिनी म्हणाली, "आत्या, ते दहा गुंठे मला द्या, मी बघते." मी म्हटलं घे बाई. उळं नीट आलं तर बियाण्याचा डबा कायमचा तुझ्या हाती.

तिनं चारी बाजूंनी मका पेरला. काठ्यांना निळे चिकट कागद टांगले, किडे त्याला चिकटतात म्हणे. शेत कमी आणि लग्नाचा मांडव जास्त दिसतो. मला विचारलं, मागच्या दोन साली फवारा केव्हा मारत होतात? मी सांगितलं, गोंडे फुलले की, सकाळी दव उतरल्यावर. शेजारच्या हिरामणभाऊंनी तसंच सांगितलं होतं. तिनं कपाळाला हात लावला. म्हणते, फुलं उमलली की पंपाला हात लावायचा नाय, मधमाश्या मरतात, आणि माशीशिवाय बी धरत नाय. मी म्हटलं, मग माझी सासू काय माश्यांना रोजंदारी द्यायची? पण ती हट्टालाच पेटली, तेव्हा दिला शब्द, फुलात पंप उचलणार नाय.

तुमच्या लेकीची सासू,
पुतळाबाई

*

सिन्नर
१ डिसेंबर २००२

पुतळाबाई,

लाल पेन काढलं नाही. तुमच्या पत्रात एकच चूक सापडली, ती म्हणजे भाकरीची तक्रार कॉलेजच्या नावावर टाकलीत. मी शाळेत चौथीला भागाकार शिकवत असायचे तेव्हा ही घरी एकटीच भाकरी शिकली. शिकवणारी कुणी नव्हती, त्यामुळे दोष द्यायचा तर चुलीला द्या.

तुम्ही तिला दहा गुंठे दिलेत, त्याची किंमत मला कळते हो. माझ्या सासूबाईंनी बारा वर्षं मला लोणच्याच्या बरणीला हात लावू दिला नव्हता. सुनेचा हात लागला की बुरशी येते म्हणायच्या. त्या गेल्यावर मी लोणचं घातलं, तर बुरशी आलीच. शिकवलंच नव्हतं ना!

इथं डिसेंबर उजाडला आणि पंखा चालू आहे. शेजारच्या उज्वलाताईंनी नातवाचा स्वेटर विणायला घेतलाय, पण लोकर हातात धरवत नाही म्हणतात. तुमच्या किडीला फावणार, हे मलाही दिसतंय.

एकच सांगते, रागावू नका. दिलंत तर पूर्ण द्या. दुसरीनं भाजी फोडणीला टाकली की आपण मागून येऊन मीठ घालायचं नसतं. हे मी माझ्या अनुभवावरून सांगते, कारण मी ते नेहमी घालते.

मोहिनी तुम्हाला आत्या म्हणते हे वाचून मला फार बरं वाटलं. तिला सख्खी आत्या नाही.

लता कातकाडे

*

मळा, देवळा
१६ जानेवारी २००३

लताबाई,

तिळगूळ पाठवलाय. पाक जरा कडक झालाय, दाताला जपून खा.

डोंगळे कंबरेला लागले. चार-पाच दिवसांत पहिले गोंडे उमलतील. शेत बघायला माणसं येतात आणि खरं सांगते, मला मिरवल्यासारखं होतं. मोहिनीनं फुलायच्या आधी दोनदा निंबोळीचा अर्क मारला, एकदा औषध मारलं, तेही दिवस मावळताना. कीड मागच्या सालापेक्षा कमी हाय, हे मी तिच्यापुढं कबूल केलं नाय, तुमच्यापुढं करते.

पण कमी म्हणजे नाय असं नाय ना! काल एक गोंडा हातरुमालावर झटकला तर पंधरा-वीस किडे वळवळले. मी तिला दाखवले. ती म्हणते, "आत्या, एवढे असू द्या. एवढ्यानं बी जात नाही." असू द्या! घरात पाहुणे आलेत का ते? गारठ्याचं नाव नाय. दुपारी डोक्यावर पदर घ्यावा लागतो, आणि हे उन्हाळ्याचं नाय, संक्रांतीचं सांगतेय.

हिरामणभाऊ रोज बांधावरून विचारतात, "वहिनी, पंप कुठं गहाण टाकला का?" मी हसण्यावारी नेते. पण हात शिवशिवतात हो.

पुतळा

*

सिन्नर
२५ जानेवारी २००३

पुतळाबाई,

कार्डावर लिहितेय, आणि आमचा पोस्टमन कार्ड वाचल्याशिवाय पेटीत टाकत नाही, म्हणून थोडक्यात. तिळगूळ मिळाला. एक दाढ हलली, पण गोड होता. हात शिवशिवले तर गोधडी शिवायला घ्या. मीठ घालू नका.

लता

*

मळा, देवळा
१४ फेब्रुवारी २००३

सौ. लताबाई यांस,

कळवण्यास वाईट वाटतं की डोंगळ्याचं यंदा काही खरं नाय. गोंडे वरून पांढरे दिसतात, पण चुरगळून पाहिले तर आत बी धरलेलं नाय, फुलं नुसती वाळून गळतात. ज्या मधमाश्यांच्या भरवशावर आपली मुलगी बसली होती, त्या आठ-दहा दिवसांत शेताकडं फिरकल्याच नाय. मका लावला, कागद टांगले, सगळं तिच्या मनासारखं झालं. मी मध्ये पडले नाय.

गावात बोलणं सुरू झालंय. चिमणाबाई म्हणून आमच्या आळीत हायत, वयानं मोठ्या. त्या म्हणाल्या, "शिकेल सून आणी आन् उळं घालाई टाकं." शिकलेली सून आणून उळं घालवलं, असा त्याचा अर्थ. मोहिनी जेवते कमी.

मला वाटतं, तिला चार दिवस माहेरी बोलावून घ्यावं. हवापालट होईल. आपण तिला दोन शब्द लिहिलेत तर बरं.

पुतळाबाई निकम

*

सिन्नर
२० फेब्रुवारी २००३

पुतळाबाई,

"सौ. लताबाई यांस" वाचून मला वाटलं, चुकून तलाठ्याचं पत्र आलं. आपलं काही बिनसलं का?

मोहिनीला मी दोन शब्द लिहिणार नाही आणि बोलावणारही नाही. ज्याच्या हाती शेत आहे त्यानं ते शेवटापर्यंत निभवावं. पोकळ निघालं तर पोकळ कापावं, पण स्वतः कापावं. ती आता तुमची आहे, तिला चार दिवस दूर करून तुमच्या घरातली अडचण सुटायची नाही.

मला शेतीतलं फार कळत नाही. पण माश्या अशा एकाएकी यायच्या थांबत नसाव्यात, त्यालाही काही कारण असेल. ते शोधायचं काम माझं नाही.

एक आठवण सांगते. माझ्या वर्गात नकाशा फाटायचा, शाई सांडायची. कुणी केलं ते मला बहुतेक वेळा ठाऊक असायचं. पण मी नाव घेत नसे. मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहायचे, दार उघडं ठेवून. कधी त्या दिवशी, कधी आठवड्यानं, पोर आपणहून येऊन सांगायचं. सांगून झाल्यावर त्याला जी भूक लागायची, ती बघण्यासारखी असायची.

आणि हो, मोहिनीला विचारा, माशी नसली तर गोंड्यांवरून हात फिरवून बी धरवता येतं का? कॉलेजात असताना तिनं असं काहीसं सांगितल्याचं आठवतं. अजून उमलायचे गोंडे असतील ना थोडे?

लता

*

मळा, देवळा
१० मार्च २००३

लताबाई,

तुमचं ते वर्गाचं वाचलं आणि मी तीन दिवस अन्नाला शिवले नाय. वाल्मीकच्या वडलांना सांगितलं, उपास हाय. ते म्हणाले, कुठल्या देवाचा? मी म्हटलं, हाय एका बाईचा.

मी मारला फवारा. लिहून टाकलं एकदाचं.

फेब्रुवारीच्या दोन तारखेला मोहिनी आणि वाल्मीक देवळ्याला गेले होते, चिकट कागद संपले म्हणून. मी शेतात गेले. जवळजवळ सगळे गोंडे उमललेले. जवळ जाऊन बघते तर प्रत्येकात किडे. मागच्या सालचे पोकळ गोंडे डोळ्यांपुढं आले. म्हटलं, हिचं पुस्तक आणि माझी तीस वर्षं. घरात औषध होतं, ते पंपात घातलं आणि सकाळच्या दहाच्या उन्हात दहाही गुंठे भिजवून काढले. भरल्या शेतात माश्या घोंघावत होत्या, मी त्यांच्यावरूनच नळी फिरवली. एक-दोन डसल्या, तेव्हा त्यांनाच शिव्या दिल्या.

जेवण करून परत गेले तर आवाज बंद. वाफ्यात बघितलं, नुसता सडा. काही अजून पाय हलवत होत्या. ओ माय! मग काय केलं असेल मी? अंगणातला खराटा आणला, जेवढ्या दिसल्या तेवढ्या लोटल्या आणि बांधाला खड्डा करून पुरल्या. सुनेला दिसू नये म्हणून. पंप धुऊन ठेवला. आणि तुम्हाला पत्र लिहिलं की मी मध्ये पडले नाय. लाज नाय वाटली मला ते लिहिताना.

अजून एक. तेवढ्यावर भागत नाय. मागच्या दोन साली पण मी असंच सकाळी मारायचे. बी कमी आलं की धुईला शिव्या, हवेला शिव्या. सासूच्या वेळी थंडी होती, कीड नव्हती, पंपच नव्हता, म्हणून माशी काय करते ते तिला कधी बघावं लागलं नाय, आणि मला तिनं सांगितलं नाय. हवा बदलली हे खरं, लताबाई. पण निम्मं नुकसान हवेनं केलं आणि निम्मं मी माझ्या हातानं. तीस वर्षं सांभाळलेलं दोन वर्षांत मीच खाली आणलं.

तुमचं पत्र आलं तेव्हा शेताच्या खालच्या अंगाला, पाणी उशिरा पोचतं तिथं, थोडे गोंडे उमलायचे बाकी होते. मोहिनीला हात फिरवायचं विचारायला गेले, तर ती आधीच तिथं होती. सकाळी आठला, दव उतरलं की, एकेका गोंड्यावरून तळवा हलकेच फिरवत होती. ह्याच्यावरून त्याच्यावर, त्याच्यावरून पुढच्या. मी विचारलं, किती दिवस? म्हणाली, "चार दिवस झाले, रोज फिरवावं लागतं, सगळी फुलं एकदम उमलत नाहीत." मी पदर खोचला आणि शेजारच्या वाफ्यात शिरले.

सोळा दिवस आम्ही दोघी रोज तीन तास हात फिरवतोय. हाताला पिवळी भुकटी लागते, वास जात नाय, चहा सुद्धा कांद्याचा लागतो. चिमणाबाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "आवं माय, हाई काय शे? कांदासले निजाडतीस का?" कांद्यांना निजवता का, म्हणे. मला हसू आलं. मोहिनी पण हसली, महिन्यात पहिल्यांदा. परवा दोन माश्या आल्या. दोघी काम सोडून बघत राहिलो.

खालच्या गोंड्यांत बी धरलंय, बोटाला लागतं. किती येईल माहीत नाय.

पण मी तिला अजून सांगितलं नाय. रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं, आणि तोंडातून निघतं, "चहा ठेवला का?" सासूनं सुनेला कसं सांगायचं असतं हे? तुम्ही मास्तरीण आहात, काही तरी सांगा.

पुतळा

*

सिन्नर
१७ मार्च २००३, होळी

पुतळाबाई,

आधी पोटभर जेवा. पुरणपोळी केली असेल ना? दोन जास्त खा. हे पत्र जेवल्यावर वाचायचं आहे.

जेवलात? आता ऐका. मला चार फेब्रुवारीपासून माहीत होतं.

मोहिनीनं मला पत्र लिहिलं होतं आणि शपथ घातली होती की तुम्हाला कळू द्यायचं नाही. ती शपथ मी आज मोडते. एका मुलीच्या शपथेपेक्षा दोन बायकांचं एका घरात नीट जेवणं मला मोठं वाटतं. तिचं पत्र जसंच्या तसं उतरवते:

"आई, आत्यांनी डोंगळ्यावर औषध मारलं. पंपाची नळी ओली होती आणि बांधाची माती ताजी उकरलेली. मी उकरून पाहिलं. खूप रडले, मग खूप राग आला. पण मी काही बोलणार नाही. ह्यांनाही सांगितलं नाही. बोलले तर आत्या पुन्हा डोंगळ्याकडे फिरकणार नाहीत, इतका त्यांचा स्वभाव मला कळलाय. आणि मला कांदा निवडता येत नाही गं. पुस्तकात लिहिलंय, बारीक मान, कोंबाचा एकच डोळा, सारखा रंग. तसे तर ढिगात हजार असतात. आत्या ढिगापुढे बसतात, आणि हजारातला बरोबर तोच उचलतात. ते पुस्तकात नाही, कॉलेजात नाही. त्या रुसल्या तर मला कोण शिकवेल? म्हणून तू गप्प बस."

बघा. तुम्हाला वाटलं असेल पोर भाबडी आहे. ती भाबडी नाही, पक्की मतलबी आहे, आणि मला तिचा अभिमान वाटला. तिला डबा नको होता, तुमचा हात हवा होता.

माझी चूक म्हणाल तर मी दीड महिना तुमच्याशी खोटेपणानं वागले. वर्गाची गोष्ट मुद्दाम लिहिली. रागवायचं असेल तर हक्कानं रागवा. कसं सांगायचं विचारता, तर ते मलाही सांगता येत नाही. आमच्या लोणच्याच्या बरणीबद्दल मी सासूबाईंशी कधी बोलले नाही, आणि आता बोलायला त्या नाहीत. तुम्ही उशीर करू नका.

लता

*

मळा, देवळा
२ मे २००३

लताबाई,

तुमच्यावर आठ दिवस रागावले होते. नवव्या दिवशी विसरले. तुमचं पत्र मात्र महिनाभर पोलक्यात घेऊन हिंडले, घामानं शाई उतरली.

उळं निघालं. गोंडे कापले, वाळवले, चोळले, पाखडले. दोन पायल्या भरलं. चांगल्या सालात वीस पायल्या व्हायचं. पण बी काळंभोर, टपोरं. पाण्यात टाकून बघितलं, तळाला बसतं. पोकळ नाय एकही. लताबाई, आपलं उळं मेलं नाय! मी देव्हाऱ्यात वाटीभर ठेवलं आणि रडून घेतलं.

मागच्या रविवारी आळीतल्या बायका आल्या, नेहमीसारखं बी मागायला. चिमणाबाई, कुसाबाई, बायडाबाई, सगळ्या ओट्यावर बसल्या. मी म्हटलं, यंदा द्यायला काही नाय. चिमणाबाईंनी लगेच सुरू केलं, शिकलेली सून, कागदाच्या पताका, आणि काय काय. मोहिनी आत पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता. तो आवाज थांबला. मला ते सहन झालं नाय. मी उभी राहिले आणि म्हटलं, "उळं सुनेनं नाय घालवलं. मी घालवलं. तिनं पंपाला हात लावू नको म्हणून बजावलं होतं, मी तिच्या पाठीमागं भर फुलात, भर सकाळी औषध मारलं आणि माश्या मारल्या. आणि मेलेल्या माश्या पुरून ठेवल्या. हे जे दोन पायल्या उळं दिसतंय ते तिच्यामुळं हाय."

मोहिनी सूप हातात घेऊन दारात आली. मला वाटलं, आता पाया पडेल, गळ्यात पडेल, टीव्हीवर दाखवतात तसं. कसलं काय! म्हणाली, "तीन महिने, आत्या! तीन महिने मी ह्या ओट्यावरची बोलणी खाल्ली!" आणि सूप तिथंच आपटून आत गेली. दोन दिवस माझ्याशी अवाक्षर नाय. वाल्मीक माझ्या तोंडाकडं बघायचा, वाल्मीकचे वडील पेपरात. मी म्हटलं, रास्त हाय. तिसऱ्या दिवशी स्वतःच चहाचा कप माझ्यापुढं आणून आदळला. म्हणाली, "माहीत होतं मला. पण तुमच्या तोंडून यायला हवं होतं." चहात साखर जास्त होती. मी प्यायले मुकाट.

मग तिनं जे सांगितलं, त्यानं माझी झोप उडाली. म्हणते, "आत्या, हे बी एकाच डब्यात ठेवलं तर एका चुकीनं जाईल. थंडी आता भरवशाची राहिली नाही, कीड दरसाल नवी येणार. अकरा घरांत डोंगळे असले तर बी संपायला अकरा जणींनी एकाच साली चुकायला हवं." मी म्हटलं, बाई, सासूनं मरताना हात धरून सांगितलं होतं, डोंगळे दुसऱ्याच्या शेतात जाऊ देऊ नको. ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं तेव्हा थंडी होती."

दिवसभर मी गोठा ते ओटा अशा फेऱ्या मारल्या. काल अकराही घरच्या बायकांना बोलावलं आणि मूठमूठ उळं दिलं. म्हटलं, ह्याचा कांदा करा, त्यातला निवडून डोंगळे लावा, तुमचंच समजा. अट बदलली. फुलं उमलली की कुणीच पंप उचलायचा नाय, माशीला काय बांध कळतो? चिमणाबाईंनी पहिली मूठ घेतली, कपाळाला लावली. मग विचारलं, "आन् किडा उनात तं?" मी म्हटलं, किडे आले तर सुनेला विचारा, मला नको. त्या तिथंच मोहिनीजवळ सरकून बसल्या आणि तासभर हालल्या नाय. हिरामणभाऊ पण बांधावर उभं राहून ऐकत होते, नजर दुसरीकडं ठेवून. आपल्या घरी दीड पायली राहिली. पुरेल.

परवा आखाजी, तुमच्याकडची अक्षय्य तृतीया, पण मोहिनी माहेरी येणार नाय, वाट बघू नका. झोक्यावर बसायला तिला वेळ नाय. कांदा खळ्यावर पडलाय, कांदाचाळीत भरायच्या आधी पुढच्या डोंगळ्याचे निवडायचेत, आणि ते तिला शिकवतेय. तुम्हीच या. आमरस करते, ह्या खेपेला दाढेला त्रास नाय.

काल तिनं ढिगातून शंभर निवडून माझ्यापुढं ठेवले. मी बघितले आणि सात बाजूला काढले. ही मान जाड, हा जरा बसका, असं सांगितलं. ती ऐकून घेऊन गेली. संध्याकाळी मी ते सात पुन्हा हातात घेऊन चाचपले, तर त्यातले दोन चांगले होते. चांगले म्हणजे पहिल्या प्रतीचे. आधी मनात आलं, गुपचूप तिच्या शंभरांत सरकवून द्यावेत, कोण बघतंय. हातात घेऊन उठले सुद्धा. मग खळ्यावरून हाक मारली, "मोहिने, ह्या दोघांचं माझं चुकलं गं, हे तुझे बरोबर होते."

ती ढिगापलीकडून म्हणाली, "मग राहिलेले पाच पण आणा इकडं. बघू."

पत्र इथंच थांबवते. पाच कांदे घेऊन जायचंय.

पुतळा